मोकळ्या पट्टीचा मोह

एप्रिल 2023 मध्ये ब्रिटिश सरकारने जाहीर केले की इंग्लंडमध्ये यापुढे एकही नवा ‘स्मार्ट मोटरवे’ बांधला जाणार नाही. आखून ठेवलेल्या सगळ्या योजना रद्द झाल्या. सरकारने दोन कारणे दिली: वाढलेला खर्च आणि लोकांचा उडालेला विश्वास. याच कल्पनेने 2006 मध्ये बर्मिंगहॅमजवळ कोंडी आणि अपघात दोन्ही कमी करून दाखवले होते आणि देशोदेशीचे वाहतूक अभियंते तिचे दाखले देत होते. त्याच देशात ती अशी मोडीत निघाली.

स्मार्ट मोटरवेचा गाभा असलेले सक्रिय वाहतूक व्यवस्थापन ही मुळात फसवी कल्पना आहे, असा अर्थ यातून काढणे चुकीचे ठरेल. गर्दीच्या महामार्गावर क्षणाक्षणाची वाहतूक मोजायची, त्यानुसार वेगमर्यादा बदलायची, रॅम्पवरून येणाऱ्या गाड्या मोजून सोडायच्या आणि अडथळा आला की मागच्यांना वेळेत सावध करायचे, हे सगळे चालते. इंग्लंडमध्ये बिघडले ते दुसरीकडे. चाचणीत एक गोष्ट सिद्ध झाली आणि देशभर बांधली गेली ती दुसरीच. त्या दोहोंतल्या फरकाची किंमत माणसांनी जिवाने मोजली. आज महाराष्ट्रातही द्रुतगती मार्गांवर गॅन्ट्री, म्हणजे सूचनाफलकांच्या कमानी, कॅमेरे आणि नियंत्रण कक्ष उभे राहत आहेत. म्हणून हा फरक आपण आताच समजून घ्यायला हवा.

प्रवाह मोडतो तेव्हा

गाड्या जास्त आणि रस्ता अपुरा म्हणून कोंडी होते, असे आपण मानतो. ते अर्धेच खरे आहे. महामार्गाच्या एका लेनमधून तासाला साधारण दोन हजार गाड्या सुरळीत जाऊ शकतात. संख्या या मर्यादेजवळ आली की दोन गाड्यांमधले अंतर घटते आणि सगळा प्रवाह नाजूक होतो. कुणीतरी जरा जोरात ब्रेक दाबतो, मागच्याला त्याहून जोरात दाबावा लागतो, त्याच्या मागच्याला आणखी जोरात, आणि बरीच मागे असलेली एखादी गाडी पूर्ण थांबते. तिथे अपघात झालेला नसतो आणि रस्ताही अरुंद झालेला नसतो. जपानी संशोधकांनी 2008 मध्ये मांडलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. 230 मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर त्यांनी 22 गाड्या सोडल्या आणि चालकांना एकसारख्या वेगाने जायला सांगितले. थोड्याच वेळात कोंडीची लाट आपोआप उमटली आणि ताशी सुमारे 20 किलोमीटर वेगाने मागे मागे सरकत राहिली.

धोरणाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. प्रवाह एकदा मोडला की रस्त्याची क्षमताच घटते. थांबलेली गाडी पुन्हा वेग घेताना पुढच्या गाडीपासून जास्त अंतर सोडते, त्यामुळे जिथून तासाला दोन हजार गाड्या जात होत्या तिथून अठराशे-एकोणीसशेच बाहेर पडू लागतात. म्हणजे रस्त्याची गरज सर्वाधिक असते तेव्हाच तो कमी काम करतो. म्हणून जाणकार यंत्रणेचा सगळा भर प्रवाह मोडण्याआधी हात घालण्यावर असतो. मोडल्यानंतर उरते ते निस्तरणे.

हात घालण्याचे मार्ग दोन. पहिला वेग उतरवण्याचा. पुढे गर्दी दाटते आहे असे रस्त्याखालच्या संवेदकांना कळले की मागच्या काही किलोमीटरवरची वेगमर्यादा 100 वरून 80, मग 60 अशी उतरवायची. सगळ्या लेनमधल्या गाड्या जवळपास एकाच वेगाने जाऊ लागतात, लेन बदलण्याची घाई कमी होते आणि ब्रेकची ती साखळी तुटते. हळू गेल्याने लवकर पोहोचतो, हे चालकाला पटणे अवघड असते, पण गणित तसेच आहे.

दुसरा मार्ग रॅम्पवर गाड्या रोखण्याचा. महामार्गावर चढणाऱ्या रॅम्पवर सिग्नल बसवायचा आणि हिरव्या दिव्याला एक किंवा दोनच गाड्या सोडायच्या. आषाढीत पंढरपूरला दर्शनबारी टप्प्याटप्प्याने सोडतात, त्यामागेही हेच शहाणपण आहे: दाराशी सगळे एकदम लोटले तर आत कुणाचाच पाय सरकत नाही. शिकागोच्या आयझेनहॉवर एक्स्प्रेसवेवर 1963 मध्ये याची सुरुवात झाली तेव्हा सिग्नलच्या जागी चक्क एक पोलीस उभा होता आणि हाताने गाड्या सोडत होता.

मिनेसोटाची परीक्षा

या उपायांचा खरेच उपयोग होतो का, हे तपासण्याची दुर्मीळ संधी अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने दिली. मिनिआपोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांच्या महामार्गांवर सुमारे 430 रॅम्प सिग्नल होते. रॅम्पवर ताटकळावे लागते म्हणून लोक वैतागले होते. राज्याच्या विधिमंडळाने आदेश दिला की हे सगळे सिग्नल बंद करून फरक मोजा. ऑक्टोबर 2000 मध्ये ते बंद झाले आणि कित्येक आठवडे बंद राहिले.

निकाल स्पष्ट होता. सिग्नलविना महामार्गांवरून जाणाऱ्या गाड्यांची संख्या 9 टक्क्यांनी घटली, प्रवासाचा वेळ 22 टक्क्यांनी वाढला आणि अपघात 26 टक्क्यांनी वाढले. सिग्नल परत सुरू झाले, पण पूर्वीसारखे नाहीत. लोकांची तक्रारही खरी होती, हे यंत्रणेने मान्य केले. साध्या रॅम्पवर चार मिनिटांहून जास्त आणि एका महामार्गावरून दुसऱ्यावर जाताना दोन मिनिटांहून जास्त कुणालाही थांबवायचे नाही, अशी मर्यादा घातली गेली.

मला या प्रयोगातली सर्वांत मोलाची गोष्ट ही वाटते की राज्याने स्वतःचीच यंत्रणा बंद करून तिची उघड परीक्षा घेतली, आकडे लोकांपुढे ठेवले आणि त्या आकड्यांनी विरोधकांना व समर्थकांना दोघांनाही आपली भूमिका थोडी बदलायला लावली. रॅम्प सिग्नलमध्ये न्यायाचा प्रश्नही दडलेला असतो. लांबच्या उपनगरातून आलेला माणूस आधीच महामार्गावर असतो आणि त्याला मोकळा रस्ता मिळतो. शहराजवळ राहणारा रॅम्पवर थांबून त्याची किंमत मोजतो. हा हिशेब कुणी मांडलाच नाही, तर तांत्रिक वाटणारा निर्णय प्रत्यक्षात एका वस्तीचा वेळ काढून दुसऱ्या वस्तीला देतो. मेलबर्नच्या मोनॅश फ्रीवेवर पुढे रॅम्पचे सिग्नल एकमेकांशी जोडले गेले, म्हणजे थांबण्याचा भार एकाच रॅम्पवर न पडता अनेकांत वाटला जाईल. असे उपाय निघतात, पण प्रश्न मान्य केल्यावरच.

बर्मिंगहॅमजवळचे 17 किलोमीटर

इंग्लंडच्या एम-42 मोटरवेवर, बर्मिंगहॅमच्या पूर्वेला, सुमारे 17 किलोमीटरच्या पट्ट्यात 12 सप्टेंबर 2006 रोजी नवा प्रयोग पूर्ण रूपात सुरू झाला. बदलत्या वेगमर्यादेच्या जोडीला तिथे गर्दीच्या वेळी कडेची राखीव पट्टी, ज्याला तिथे हार्ड शोल्डर म्हणतात, वाहतुकीसाठी उघडली जाऊ लागली. एरवी ही पट्टी बंद पडलेल्या गाडीसाठी, रुग्णवाहिकेसाठी आणि पोलिसांसाठी मोकळी ठेवलेली असते.

हा बदल किती सावधपणे केला होता ते पाहण्यासारखे आहे. पट्टी उघडण्याआधी नियंत्रण कक्षातला माणूस कॅमेऱ्यातून तिचा प्रत्येक टप्पा रिकामा असल्याची खात्री करून घेत असे. पट्टी उघडी असताना वेग ताशी 50 मैलांपर्यंत, म्हणजे 80 किलोमीटरपर्यंत खाली आणलेला असे. डोक्यावरच्या गॅन्ट्री इतक्या जवळ जवळ होत्या की एक मागे पडली की थोड्याच वेळात दुसरी समोर यावी. आणि साधारण दर 500 मीटरवर टेलिफोन असलेला आपत्कालीन थांबा होता, म्हणजे गाडी गचके खाऊ लागली तरी चालक तिला तिथवर रेटत नेऊ शकेल.

परिणाम उत्तम आले. प्रवासाला किती वेळ लागेल याचा भरवसा वाढला आणि जखमी करणाऱ्या अपघातांची संख्या निम्म्याहून खाली आली. रस्ता रुंद करायला लागला असता त्यापेक्षा कितीतरी कमी पैशांत आणि कमी वर्षांत हे साधले. सरकारी तिजोरीवर डोळा असलेल्या कुणालाही हा निकाल भुरळ घालणाराच होता.

मोह शिरला तो इथेच. एम-42 च्या यशाचे श्रेय कशाचे, हा प्रश्न दोन तऱ्हांनी वाचता येत होता. कमी वेग, दाट चिन्हे, जवळचे थांबे आणि जागती नजर यांमुळे एक धोक्याचे पाऊल सुरक्षितपणे टाकता आले, हे एक वाचन. जमीन न घेता, पूल न बांधता एक जादा लेन मिळाली, हे दुसरे. पुढच्या काही वर्षांत निर्णय झाले ते दुसऱ्या वाचनावर.

एकेक अट गळत गेली

2014 मध्ये लंडनभोवतीच्या एम-25 च्या काही भागांत कडेची पट्टी कायमचीच काढून तिची लेन करण्यात आली. गर्दी असो वा नसो, सगळ्या लेन चोवीस तास सुरू. आपत्कालीन थांब्यांमधले अंतर 500 मीटरवरून अडीच किलोमीटरपर्यंत नेले गेले. गॅन्ट्री कमी झाल्या. वेगाचे बंधन गर्दीपुरतेच उरले, त्यामुळे रात्री ताशी 70 मैल वेगाने, म्हणजे 110 किलोमीटरहून अधिक वेगाने, वाहणाऱ्या लेनमध्ये एखादी गाडी बंद पडली तर ती तिथेच उभी राहणार होती. यातला प्रत्येक बदल खर्च वाचवणारा होता आणि प्रत्येकाचे समर्थन करणारा अहवाल उपलब्ध होता. एकेक बदल सुटा पाहिला तर किरकोळ वाटावा असा. सगळे एकत्र आले तेव्हा एम-42 वर जे सिद्ध झाले होते त्यातले फारसे काही शिल्लक राहिले नव्हते.

इशारे वेळीच दिले गेले होते. ब्रिटिश संसदेच्या वाहतूक समितीने 2016 मध्येच लिहिले होते की कडेची पट्टी कायमची घालवणे ही फार मोठी किंमत आहे. सरकारने काम पुढे रेटले. त्याच सुमारास रस्ते यंत्रणेच्या स्वतःच्या अभ्यासात दिसले होते की थांबलेले वाहन ओळखणारे रडार नसेल तिथे चालत्या लेनमध्ये अडकलेली गाडी नियंत्रण कक्षाच्या लक्षात यायला सरासरी सुमारे 17 मिनिटे लागतात. या आकड्याचा अर्थ ध्यानात घेतला पाहिजे. एका लेनमधून तासाला पंधराशे गाड्या जात असतील, तर 17 मिनिटांत चारशेहून अधिक गाड्या त्या अडकलेल्या गाडीच्या रोखाने येतात. त्या चारशेतल्या एकाचे लक्ष क्षणभर चुकणे पुरेसे असते.

जून 2019 मध्ये शेफिल्डजवळ एम-1 मोटरवेवर तसेच घडले. किरकोळ धडक झाल्यावर दोन चालक आपापल्या गाड्यांतून उतरले. कडेला उभे राहायला पट्टी नव्हती. मागून आलेल्या लॉरीने दोघांना चिरडले. लॉरीचालकाला शिक्षा झाली. पण जानेवारी 2021 मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने चालकाच्या निष्काळजीपणावर थांबायचे नाकारले. कडेची पट्टी नसणे हेही या मृत्यूंना कारणीभूत आहे आणि असे रस्ते पुढेही मृत्यूचा धोका बाळगून आहेत, असे त्यांनी नोंदवले. त्याआधी वर्षभर, जानेवारी 2020 मध्ये, बीबीसीने पाच वर्षांत अशा मोटरवेंवर 38 जण मृत्युमुखी पडल्याचे उघड केले होते. या विस्ताराला मंजुरी देणारे माजी रस्तेमंत्री माइक पेनिंग यांनी तेव्हा जाहीरपणे सांगितले की धोक्याबाबत आपली दिशाभूल झाली.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. सरकारने मार्च 2020 मध्ये घेतलेल्या आढाव्यात असे दिसले की बहुतेक बाबतींत हे रस्ते जुन्या मोटरवेइतके किंवा त्याहून सुरक्षित आहेत. वेगावर नियंत्रण आल्याने अनेक प्रकारचे अपघात कमी झाले होते. वाढला होता तो एकच धोका: चालत्या लेनमध्ये थांबलेल्या गाडीला मागून बसणारी धडक. काही तज्ज्ञ म्हणतात, बेरीज पाहा. एकूण जीव वाचत असतील तर आक्षेप कशाला? मला हा युक्तिवाद पुरेसा वाटत नाही. वेग आवरल्याने वाचलेले जीव वेगाच्या नियंत्रणामुळे वाचले, पट्टी घालवल्यामुळे नव्हे. दोन वेगळ्या निर्णयांची बेरीज एकत्र मांडली की वाईट निर्णय चांगल्याच्या आड लपतो. ज्या मोटरवेंवर पट्टी शाबूत ठेवून फक्त वेगमर्यादा बदलती केली होती, ते बंद करा असे या सगळ्या वादात कुणी म्हटले नाही. लोकांचा राग तंत्रज्ञानावर नव्हता, थांबायला जागा न ठेवण्यावर होता.

त्याच आढाव्यानंतर गर्दीपुरती पट्टी उघडण्याचा मूळ प्रकारही बंद करायचे ठरले, कारण पट्टी आता उघडी की बंद, याबाबत चालक गोंधळतात. म्हणजे चांगल्या रीतीने राबवलेल्या प्रयोगालाही मर्यादा होत्या. पुढे थांबलेले वाहन ओळखणारे रडार घाईने बसवले गेले. डिसेंबर 2022 मध्ये स्वतंत्र नियामकाने सांगितले की ते ठरलेल्या निकषांना उतरत नाही. आधी जागा काढून घेतली, मग तिच्या जागी यंत्र ठेवले आणि यंत्र अपुरे निघाले, असा हा क्रम आहे. अखेर संसदीय समितीच्या शिफारशीवरून 2022 च्या सुरुवातीला नवी कामे थांबली आणि पुढच्या वर्षी योजनाच गुंडाळली गेली. बांधून झालेले शेकडो किलोमीटर मात्र तसेच आहेत. त्यांवर पट्टी परत आणणे फार महाग पडते.

मोकळी झालेली जागा मोकळी राहत नाही

समजा सगळे नीट राबवले, एकही अट गाळली नाही, तरी कोंडी किती काळ हटेल? अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी 1962 मध्येच दाखवले होते की शहरी महामार्गाची क्षमता वाढली की गर्दीच्या वेळची वाहतूकही वाढत जाऊन ती नवी क्षमता भरून टाकते. वेळ बदलून जाणारे पुन्हा गर्दीच्या वेळी निघतात, दुसऱ्या रस्त्याने जाणारे इकडे वळतात, रेल्वेने जाणारे गाडी काढतात आणि काही वर्षांनी बिल्डर त्याच रस्त्याच्या टोकाला नवी वसाहत उभी करतात. ह्यूस्टनचा केटी फ्रीवे 2008 पर्यंत काही ठिकाणी बाजूच्या रस्त्यांसह 26 लेनपर्यंत रुंद केला गेला, आणि 2011 ते 2014 या तीनच वर्षांत त्यावरचा गर्दीच्या वेळचा प्रवास सकाळी सुमारे 30 टक्के आणि संध्याकाळी सुमारे 55 टक्के लांबला.

व्यवस्थापनाने मिळवलेली क्षमता यातून सुटेल असे मानायला आधार नाही. वाचलेला वेळ काँक्रीटने वाचला की संगणकाने, याच्याशी चालकाला देणेघेणे नसते. म्हणून या तंत्राकडे कोंडी संपवण्याचा उपाय म्हणून पाहणे ही पहिली चूक. आहे त्या रस्त्याला कोलमडू न देणे, अपघात घटवणे आणि प्रवासाचा वेळ भरवशाचा करणे, एवढे त्याचे काम आहे आणि तेवढे ते चांगले करते. त्याहून जास्त अपेक्षा ठेवली की दरवर्षी थोडी आणखी क्षमता पिळून काढण्याचा दबाव येतो, आणि तो दबाव शेवटी त्या कडेच्या रिकाम्या पट्टीवर येऊन पडतो.

आपल्याकडे काय होऊ शकते

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 94.5 किलोमीटरचा आहे आणि 2002 पासून पूर्णपणे सुरू आहे. 2024 पासून तिथे इंटेलिजंट ट्रॅफिक मॅनेजमेंट सिस्टीम, म्हणजे आयटीएमएस, कार्यरत झाली. वेग, लेन आणि सीटबेल्टचे नियम मोडणाऱ्यांना त्यातून ई-चलान जाते. हे स्वागतार्ह आहे. पण कॅमेऱ्याने दंड करणे आणि वाहतुकीचे व्यवस्थापन करणे ही दोन वेगळी कामे आहेत. दंड घडून गेलेल्या गोष्टीचा असतो. व्यवस्थापन पुढच्या पाच मिनिटांत काय होणार आहे त्याचे असते. बोरघाटात एखादा कंटेनर बंद पडला, तर तो किती मिनिटांत नियंत्रण कक्षाला कळला, मागच्या गॅन्ट्रीवर सूचना किती मिनिटांत झळकली, क्रेन किती मिनिटांत पोहोचली, हे तीन आकडे त्या यंत्रणेची खरी किंमत सांगतील. किती चलाने निघाली आणि किती रक्कम जमा झाली हे आकडे ती सांगणार नाहीत. लोकांपुढे मात्र नेहमी तेच येतात.

आपल्याकडे रॅम्पवर रोखण्याची पद्धत अगदीच अनोळखी आहे असेही नाही. सलग सुट्ट्यांना महामार्ग पोलीस अवजड वाहने ठरावीक तास थांबवून ठेवतात. गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावरही तेच होते. घाटात गर्दी दाटली की पोलीस ब्लॉक घेऊन एका बाजूची वाहने रोखतात आणि दुसरीकडची सोडतात. प्रवाह मोडण्याआधी आवक कमी करण्याचे हे हाताने केलेले काम आहे, आणि ते करणाऱ्या पोलिसांना रस्त्याची नाडी चांगली कळते. नवी यंत्रणा आखताना त्यांचा अनुभव जमेस धरला नाही तर ती परक्या रस्त्यासाठी बनवलेली यंत्रणा ठरेल. आपल्या रस्त्याचे स्वरूपही निराळे आहे. भरलेला ट्रक घाट चढताना रांगतो, त्याला ओलांडू पाहणारा दुसरा ट्रक मधली लेन अडवतो, आणि उजवीकडून गाड्या सुसाट जातात. लेनची शिस्त हे या सगळ्या तंत्राचे गृहीतक आहे. ती नसताना बदलती वेगमर्यादा पाटीवरच राहील.

कडेच्या पट्टीचा प्रश्न तर आपल्याकडे आधीच बिकट आहे. बंद पडलेला ट्रक, झोप काढणारा चालक, कडेलाच चाललेली टायरची दुरुस्ती, हे सगळे त्याच पट्टीवर आणि बरेचदा रिफ्लेक्टरशिवाय. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2016 मध्ये 151 जणांचा जीव गेला. त्याच सुमारास सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलीस यांनी मिळून हा रस्ता मृत्यूमुक्त करण्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि मृत्यू लक्षणीय घटले. त्यात मोठी यंत्रे थोडी आणि साधी कामे पुष्कळ होती: उघडी टोके झाकणारे कठडे, कडेला उभ्या वाहनांवर लक्ष, गस्त, जखमीपर्यंत लवकर पोहोचण्याची तजवीज. रस्त्यावर थांबलेले वाहन हा केवढा धोका आहे, हे समजायला आपल्याला इंग्लंडला जायची गरज नाही.

मला काळजी वाटते ती पुढच्या पायरीची. अटल सेतूवर सहा लेनच्या जोडीला दोन्ही दिशांना एकेक आपत्कालीन लेन आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग रुंद करण्याचे प्रस्ताव मांडले जात आहेत, पूर्व मुक्त मार्ग ठाण्याकडे वाढवला जातो आहे. मुंबईकर ज्याला नुसता ‘फ्री वे’ म्हणतात तो हा रस्ता 2013 मध्ये सुरू झाला, आणि आज त्यावरची गर्दी दक्षिण मुंबईत उतरताना तुंबते हे रोज जाणारा कुणीही सांगेल. जमीन महाग आहे, बांधकाम वर्षानुवर्षे चालते. अशा वेळी कुणीतरी सादरीकरणात कडेच्या मोकळ्या पट्टीकडे बोट दाखवेल आणि म्हणेल: ही लेन तयारच आहे, गर्दीच्या वेळी वापरू, कॅमेरे आहेतच, परदेशात हे यशस्वी झाले आहे. त्या सादरीकरणात एम-42 असेल, शेफिल्ड नसेल.

त्या दिवशी विचारायचे प्रश्न आजच ठरवून ठेवले पाहिजेत. थांबलेली गाडी दोन मिनिटांच्या आत हेरली जाते, हे आधी वर्षभर मोजून दाखवले आहे का? दर 500 मीटरला सुरक्षित थांबा आहे का, आणि पुलावर तो कुठे देणार? नियंत्रण कक्षात रात्री तीन वाजता किती माणसे असतात, आणि लेन बंद करण्याचा अधिकार त्यांच्या हातात आहे की वरिष्ठांच्या परवानगीत अडकलेला आहे? देखभालीचा पैसा दहा वर्षांसाठी बांधून ठेवला आहे का, की गॅन्ट्रीवरचे दिवे पहिल्या दोन पावसाळ्यांनंतर विझणार? कडेची पट्टी भरलेली असताना रुग्णवाहिका कुठून जाईल? यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर धूसर असेल, तर पट्टीला हात लावण्याचा अधिकार कुणालाही नाही.

आणि त्याआधीचा एक प्रश्न: ही क्षमता कुणासाठी काढायची? एका लेनमधून तासाला दोन हजार गाड्या गेल्या आणि बहुतेक गाडीत एकेकच माणूस असला, तर जेमतेम दोन हजारांहून थोडी अधिक माणसे सरकतात. गर्दीच्या वेळची बारा डब्यांची एक लोकल एका फेरीत चार हजारांहून अधिक माणसे नेते. म्हणून रॅम्पवर सिग्नल लावायचे तर बसला न थांबता जाण्याची वाट ठेवा. लेन आखायची तर आधी बसची आखा. नाहीतर कार नसलेल्यांच्याही करातून उभारलेली यंत्रणा कार असलेल्यांची काही मिनिटे वाचवण्यात खर्ची पडेल.

मी या तंत्राच्या विरोधात नाही. बदलती वेगमर्यादा, वेळेत झळकणारा इशारा, मोजून सोडलेला रॅम्प, तत्पर क्रेन हे सगळे आपल्या रस्त्यांवर यायला हवे, आणि लवकर यायला हवे, कारण आपल्याकडे रस्त्यावरचे मृत्यू आपण फार सहज पचवतो. पण ते मिनेसोटासारखे यावे: उघड परीक्षेला तयार, लोकांची तक्रार ऐकणारे, प्रत्येक आकडा जाहीर करणारे. राज्य सरकारने आणि रस्ते विकास महामंडळाने आजच लेखी धोरण जाहीर करावे की द्रुतगती मार्गांवरील आणि सागरी पुलांवरील आपत्कालीन पट्टी कोणत्याही परिस्थितीत वाहतुकीची लेन होणार नाही, आणि वाहन थांबल्यापासून मदत पोहोचेपर्यंतचा वेळ दर महिन्याला लोकांसमोर मांडला जाईल. इंग्लंडला हे कळायला सतरा वर्षे आणि कित्येक जीव लागले. आपल्याला त्याची आयती माहिती आहे, तेव्हा नंतर आपल्याला कुणी सांगितलेच नाही असे म्हणायला जागा राहणार नाही.